स्वच्छ म्हणून निवडलेलं गटार

सोमवार, ४ मार्च

प्रिय ठकूबाई,

अनेक आशीर्वाद, आणि पोटातल्या गोळ्याला एक पापा. तुझं पत्र शनिवारी पोचलं. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावल्यावर तू एवढं लांबलचक पत्र लिहिलंस की मनात आलं, हिला कुणीतरी आधीच झोपवून ठेवायला हवं होतं. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि दोघींनाही काही ऐकू येत नाही. त्यापेक्षा हे पत्रांचं बरं चाललंय, चालू दे.

चारही पानांवर तुझी एकच मागणी आहे. ताई कधी येतेस, आई असती तर तिने सगळं केलं असतं, आता तूच ये, मला तुझ्या हातचं जेवायचंय, जावईबापूंचा करपलेला भात खाऊन बाळ आतून लाथा मारतंय. अगं येणार, येणार, येणार! दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी बॅगेसकट तुझ्या दारात उभी राहते. मग स्वयंपाकघर माझं, आणि जावईबापूंनी कुकरकडे नुसतं बघायचं. झालं समाधान?

आता माझं ऐक, कारण मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. आमच्या भागात टायफॉइड शिरलाय. मैदानावर संध्याकाळी फुटबॉल खेळायला येणारी मुलं एकामागून एक तापली. आमची गोलकीपर, जिला सगळे ‘भिंत’ म्हणतात, ती तर रुग्णालयात आहे. दहा वर्षांची काटकुळी पोरगी, पण चेंडू म्हणून आत जाऊ देत नाही. तिला सलाइन लावलेलं बघून मी बाहेर आले आणि व्हरांड्यात उभी राहून चक्क रडले. पण डोळे पुसले आणि कामाला लागले, आणि लाज वाटते तरी सांगते, मला या कामाची भयंकर मजा येतेय. इतकी वर्षं आरोग्य खात्यात निरीक्षक म्हणून मी काय केलं? डासांच्या अळ्या शोधल्या आणि लोकांच्या टाक्यांची झाकणं लावली. आता कुठे खरी शिकार मिळालीय.

मुलांच्या शाळा वेगळ्या, नळ वेगळे, पाणी तपासलं तर स्वच्छ. म्हणजे कुणीतरी असा माणूस आहे, जो स्वतः ठणठणीत आहे, पण जंतू पोटात घेऊन हिंडतोय आणि त्याच्या हाताने तो मुलांपर्यंत पोचतोय. आजारी माणूस शोधायला अक्कल लागत नाही. निरोगी माणूस कसा शोधायचा, सांग बरं? दारोदार जाऊन ‘तुमच्या पोटात जंतू आहे का हो’ असं विचारायचं?

तर त्याची युक्ती आहे, आणि ती इतकी साधी आहे की मला ती प्रेमात पडण्याजोगी वाटते. गॉजचा एक जाड बोळा करायचा, त्याला दोरी बांधायची, गटाराचं झाकण उघडून तो पाण्यात सोडायचा आणि दोन-तीन दिवस तसाच लोंबकळू द्यायचा. वरून जे काही वाहत येतं ते त्यात अडकतं. मग बोळा बरणीत घालून प्रयोगशाळेत पाठवायचा. जंतू सापडला तर त्या गटाराच्या वरच्या अंगाला जायचं. जिथे दोन फाटे फुटतात तिथे दोन बोळे. ज्या फाट्यात जंतू, त्या फाट्याने पुढे. असं करत करत गल्ली, मग इमारत, मग घर! मुकादम झाकणं उघडतो, मी दोऱ्या बांधते, आणि आजूबाजूची माणसं नाकाला रुमाल लावून विचारतात, “बाई, काय पडलं का आत?”

माझा संशय मैदानाच्या कोपऱ्यावरच्या कलिंगडवाल्यावर आहे. कापलेल्या फोडी उघड्यावर ठेवतो आणि मी काही बोलले की हसतो. त्याची गाडी मी बंद करायला लावलीय. रविवारी मुलांच्या सामन्यानंतर मीसुद्धा त्याच्याकडचंच कलिंगड देते, पण मी अख्खं आणते आणि घरी धुतलेल्या सुरीने कापून डबा भरते, त्यामुळे माझ्या डब्याचा प्रश्नच नाही.

एक गंमत सांगते आणि पत्र संपवते. तुलनेसाठी एक बोळा असाही लावावा लागतो जिथे जंतू नसणार याची खात्री आहे. म्हणजे प्रयोगशाळेचं काम नीट चाललंय की नाही ते कळतं. मी त्यासाठी आमचीच गल्ली निवडली. आमच्याकडे कुणी आजारी नाही, सगळी टापटिपीची माणसं, आणि गटार घराच्या खिडकीतून दिसतं, म्हणजे लक्षही राहतं. आणि आज प्रयोगशाळेतून फोन! तिथले प्रमुख म्हणजे आमचे जंतुमहाराज. जगातले सगळे जंतू आपल्याला विचारून वाढतात अशी त्यांची समजूत आहे.

“तुमचा स्वच्छ बोळा घाण निघालाय,” म्हणाले.

“तुमचं टेबल पुसा आधी,” मी म्हटलं.

“माझ्या टेबलावर तुम्ही जेवू शकता, बाई.”

“तुमच्या टेबलावर मी पर्सही ठेवणार नाही!”

असं आमचं चाललंय. तू पाय वर करून झोप. जावईबापूंना म्हणावं, तांदूळ धुऊन घेतात.

तुझी,
येण्यासाठी एका पायावर तयार असलेली
ताई


बुधवार, २० मार्च

प्रिय ठके,

तुला आणि गोळ्याला आशीर्वाद. वजन वाढलं, पायाची सूज उतरली, वाचून जीव भांड्यात पडला. तू विणलेल्या टोपीचा फोटो बघितला. बाळाचं डोकं कलिंगडाएवढं असेल असा तुझा अंदाज दिसतोय.

रजेचं विचारलंस. मोठ्या मॅडमशी बोलते. सध्या त्यांच्यापुढे जायला मला तोंड नाही, का ते वाच.

माझ्या स्वच्छ गल्लीतला बोळा दुसऱ्यांदा घाण निघाला. मग तिसऱ्यांदा. मी खवळलेच. मॅडमकडे लेखी तक्रार केली, की प्रयोगशाळेत एका नमुन्याचा जंतू दुसऱ्यात मिसळतोय, अशाने आमची सगळी मेहनत पाण्यात जाईल. त्यावर जंतुमहाराज स्वतः इथे हजर! इस्त्रीचा शर्ट, बरोबर सीलबंद बरण्या, आणि रागाने लाल झालेले कान. भर दुपारी आमच्या गल्लीत गुडघ्यावर बसले आणि मुकादमाला म्हणाले, “उघडा.”

“शर्ट खराब होईल,” मी म्हटलं.

“माझं नाव खराब झालंय, शर्टाचं काय घेऊन बसलात?”

आम्ही दोघांनी मिळून बोळे लावले. एक गल्लीच्या तोंडाशी, एक मध्यावर, एक अगदी वरच्या टोकाला. चौथा त्यांनी पलीकडच्या गल्लीत लावला, त्यांच्या पसंतीच्या गटारात. प्रत्येक दोरीवर दोघांच्या सह्या. मुकादम म्हणाला, लग्नाच्या नोंदणीलासुद्धा एवढं कुणी बघत नाही. जंतुमहाराजांचे कान आणखी लाल झाले. तू लगेच काही मनात आणू नकोस.

आणि ठके, निकाल! पलीकडची गल्ली स्वच्छ. आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला काही नाही. मध्यावर जंतू, तोंडाशी जंतू. प्रयोगशाळेची काहीच चूक नव्हती! मी कागद हातात घेऊन ऑफिसात उभीच राहिले. मी काय शोधत होते? जिथे कुणीही आजारी नाही आणि तरी जंतू वाहतोय, असं गटार. ते पहिल्या दिवसापासून माझ्या खिडकीखाली होतं, आणि त्यावर मीच ‘स्वच्छ’ अशी चिठ्ठी लावली होती. सगळ्या शहराची झाकणं उघडत फिरले आणि स्वतःच्या दारातलं गटार फक्त भांडणापुरतं वापरलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी मी टेबलावर हात आपटून ओरडले, “आहे! इथेच आहे!” शिपाई चहा घेऊन येत होता, त्याचा निम्मा चहा बशीत सांडला. लगेच जंतुमहाराजांना फोन लावला आणि माफी मागितली. ते म्हणाले, “माफी राहू द्या, पुढचा बोळा कुठे लावायचा ते बोला.” माणूस वाटला तेवढा वाईट नाही.

गल्लीच्या त्या तुकड्यात दोनच इमारती आहेत, एक समोरची आणि एक आमची. समोरचीचं पाणी स्वच्छ निघालं. आमच्या इमारतीला दोन मोठे पाइप आहेत, पुढचा आणि मागचा. पुढचा स्वच्छ. मागच्यात जंतू! मागच्या पाइपवर एकावर एक चार घरं: तळाला शिंपीमास्तर, पहिल्या मजल्यावर नवं जोडपं, दुसऱ्यावर मी, तिसऱ्यावर निवृत्त शिक्षिका. काल सगळ्यांना जिन्यात जमवलं आणि प्रत्येकाच्या हातात एक डबी दिली. डबीत शौचाचा नमुना द्यायचा हे सांगितल्यावर एकेकाचे चेहरे तू बघायला हवे होतेस. नवी नवरी लाजून आत पळाली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “मी आयुष्यभर मुलांना परीक्षेला बसवलं, ही परीक्षा मात्र मी देणार नाही.” मग मी म्हटलं, यात लाजण्यासारखं काय आहे, हे बघा, सगळ्यांत आधी माझी डबी. आणि दिलीही.

माझा संशय शिंपीमास्तरांवर आहे. ते मैदानावर मुलांचे टी-शर्ट घेऊन जातात आणि खिशातून खाऊ वाटतात. हे कुणाला बोलू नकोस.

निकाल दोन-चार दिवसांत. मला जेवण गोड लागत नाही, इतकी उत्सुकता लागून राहिलीय. भिंत अजून रुग्णालयात आहे, पण ताप उतरतोय.

तारखेचं पुढच्या पत्रात नक्की.

तुझी,
झाकणं उघडणारी
ताई


सोमवार, ८ एप्रिल

प्रिय ठके,

आशीर्वाद. तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. तू फोन केलास तेव्हा मीटिंगमध्ये आहे म्हणाले, ते खरं नव्हतं. रागावली असशील. आणखी थोडं थांब, आधी चांगल्या बातम्या ऐक.

भिंत घरी आली! अंगात ताकद नाही, पण तोंड पूर्ववत चालू आहे. बाकीची मुलंही बरी आहेत. नवा रुग्ण एकही नाही. कलिंगडवाल्याची गाडी पुन्हा उभी राहिलीय. मी स्वतः त्याच्याकडे गेले.

“म्हणजे माझी कलिंगडं चांगली होती?” त्याने विचारलं.

“हो.”

“मग इथे कशाला कुजबुजताय? बंद करताना सगळ्या मैदानाला ऐकू गेलं होतं.”

खरं होतं त्याचं. मग मी मैदानाकडे तोंड करून, माझा आवाज तुला माहीतच आहे, मोठ्याने सांगितलं की या माणसाची कलिंगडं चांगली आहेत, चूक माझी होती. आणि सगळं सांगितलं. तो आधी हसत होता, मग हसायचा थांबला आणि मला बसायला स्टूल दिलं.

कारण शोध लागलाय, ठके. जंतू घेऊन हिंडणारी व्यक्ती सापडली! ती एक बाई आहे. धडधाकट, फटकळ, स्वतःला भारी हुशार समजणारी. दर रविवारी कलिंगड कापून मुलांना खिलवायची आणि मुलं तिला ‘कलिंगडमावशी’ म्हणायची. राहते आमच्याच इमारतीत, मागच्या पाइपवर, दुसऱ्या मजल्यावर.

दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला एकच घर आहे. तू राहून गेलीयस. मीच गं ती.

जंतुमहाराज निकाल घेऊन स्वतः आले होते. जिंकले होते ते, चांगली मिरवायची संधी होती. पण दारात उभे राहून नुसते बरणीचं झाकण फिरवत राहिले. शेवटी मीच कागद ओढून घेतला. वाचला, आणि तुला खरं सांगते, माझ्या मनात सगळ्यांत आधी काय आलं असेल? ‘युक्ती बरोबर होती!’ पार मैदानापासून माग काढत काढत दोरी बरोबर माणसापर्यंत पोचली. आणि मग तो माणूस कोण आहे ते लक्षात आलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि हात धूत राहिले. महाराज म्हणाले, “बाई, पुरे, कातडी निघेल.”

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मला मोठा ताप आला होता, आठवतं? बरी झाले, विसरून गेले. डॉक्टरीणबाई म्हणतात, ताप गेला पण जंतू गेला नाही. माझ्या पित्ताशयात खडे आहेत, त्यांच्यात तो आरामात घर करून बसलाय. मला त्याचा काही त्रास नाही, कधी बाहेर पडतो, कधी नाही. आता महिनाभर औषधं, मग पुन्हा पुन्हा तपासणी, आणि नाहीच गेला तर पित्ताशयच काढायचं. त्याला मी मुळीच घाबरत नाही. ऑफिसचं काम चालू आहे. फक्त निकाल स्वच्छ येईपर्यंत दुसऱ्या कुणासाठी रांधायचं नाही, कापायचं नाही, वाढायचं नाही.

भिंतच्या आईला सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी तिला काही म्हणू शकत नाही, मीही लावलं असतं. जिना उतरत होते तर वरून खिडकीतून ती पोरगी ओरडली, “मावशी, रविवारी अख्खंच आणा! कापू आम्ही!” आईने तिला आत ओढलं. मी रस्त्यात हसत होते आणि रडतही होते, लोक बघत होते.

आता तुझ्याकडे येते. तू ज्याची वाट बघतेयस ते मी पानंच्या पानं टाळलंय.

मला तुझ्यासाठी स्वयंपाक करता येणार नाही. बाळाचे दिवस भरतील तेव्हा माझी औषधं संपलेली नसतील. तुझ्या घरच्या भांड्याला मी हात लावणार नाही. आई गेल्यावर तू रडत रडत म्हणाली होतीस, आता माझं बाळंतपण कोण करणार, आणि मी छातीवर हात मारून म्हटलं होतं, मी आहे ना. तोच शब्द मला मोडावा लागतोय, आणि मला याचं इतकं दुःख होतंय की काय लिहू.

हे पत्र मी आधी दुसरंच लिहिलं होतं. दोनच ओळींचं. रजा मंजूर झाली नाही, माफ कर, पुढच्या वेळी. पाकीट चिकटवलंही होतं. तू चिडली असतीस, रुसली असतीस, बाळ झाल्यावर सगळं विसरली असतीस. आणि तुझ्या मनात मी होते तशीच राहिले असते, कलिंगडमावशी झाले नसते. फार सोपं होतं. टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले.

कारण गेल्या मे महिन्यात तू माझ्याकडे राहायला आली होतीस. रोज मी तुला माझ्या हातचं करून वाढलं, नको नको म्हणत असताना वाढलं. परत गेलीस आणि तुला ताप आला. बरेच दिवस उतरला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नाव काही सांगितलं नाही, आणि प्रवासातलं पाणी बाधलं असं आपण सगळ्यांनी ठरवून टाकलं. ठके, मला नाही वाटत ते पाणी होतं. तो ताप तुला मी दिला असणार.

आणि माझ्या पोटात तो राहिला, तसा तुझ्याही पोटात राहिला असू शकतो. बहुतेक नसेलच, फार थोड्यांच्यात राहतो, त्यामुळे उगाच घाबरून जाऊ नकोस. पण नसेल हे मी गृहीत धरणार नाही. एकदा एका गटारावर मी असाच ‘स्वच्छ’ म्हणून शिक्का मारला होता. थोड्या दिवसांत तुझ्या हातात बाळ असेल. ते तुझं बोट चोखेल. म्हणून आजच्या आज जावईबापूंना डॉक्टरांकडे पाठव आणि हे पत्र त्यांच्याबरोबर दे, लाजू नकोस. शौचाची तपासणी करायची, आणि एकदाच नाही, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. निघालाच तर तुझ्या अवस्थेत चालतील अशी औषधं ते देतील. तोवर साबण. नखांत, बोटांच्या बेचक्यांत, संडासातून आल्यावर आणि जेवणाआधी, दर वेळी.

मी यायला तयार आहे. रिकाम्या हाताने येईन, पलंगाशेजारी बसेन, तुझे केस विंचरेन, कपडे धुवेन, तुला हसवून हसवून टाके दुखवेन. चूल जावईबापूंची, भात करपला तर करपला. पण हे सगळं वाचल्यावर तुला मी समोर नको असेन, तर तसं लिही. मी समजेन. समजणार नाही, फार लागेल मला, पण नाही येणार.

रागाव माझ्यावर, हवं तेवढं रागाव, बोलूही नकोस. फक्त आधी तपासणी, मग राग.

तुझ्या होकाराच्याही आधी तुझ्या निकालाची वाट बघणारी,
तुझी
ताई